भिंती पडल्यावर देवाविषयी काय बोलावे

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एखाद्या घरी मृत्यू झाला की भेटायला येणारी माणसे दारातूनच म्हणतात, ‘देवाची इच्छा होती, त्यापुढे आपले काय चालणार?’ नव्वदी ओलांडलेले आजोबा लेकरानातवंडांच्या घोळक्यात, प्रार्थना ऐकत ऐकत प्रभूमध्ये झोपी गेले असतील तर हे वाक्य त्या घराला आधार देते आणि ते बोलायला काही हरकत नाही. परंतु हेच वाक्य आपण तापाने गेलेल्या चिमुकल्याच्या आईला, कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला आणि कर्ता मुलगा अपघातात गमावलेल्या बापालाही त्याच सहजतेने ऐकवतो. त्या वेळी आपण देवाच्या नावावर नेमके काय मांडून ठेवतो आहोत, याचा विचार होत नाही. मराठवाड्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हा विचार टाळता येणार नाही असे मला मनापासून वाटते. आपण भूकंप पाहिला, दुष्काळ तर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो, आणि या सगळ्यात देव कोठे होता हा प्रश्न आपल्याला स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या घरातून विचारला जातो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे जमीनदोस्त केली, जवळपास १० हजार माणसे गेली आणि पुढे ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा लातुरात शाळेत जात होतो. आमचे घर उभे राहिले आणि आम्ही सगळे वाचलो, त्यामुळे त्या पहाटेविषयी माझ्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही नाही. त्यानंतरच्या दिवसांत मोठी माणसे काय बोलत होती ते मात्र पक्के आठवते. कोणी म्हणत होते की त्या गावांत पाप वाढले होते. आमच्यातले काही जण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय उघडून, ‘जागोजागी भूमिकंप होतील’ असे लिहिलेले दाखवत होते आणि ही शेवटच्या काळाची चिन्हे आहेत असे सांगत होते. आपण वाचलो याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या साक्षी पुढच्या रविवारी उपासनेत झाल्या. त्या साक्षी खऱ्या होत्या, आभारही खरे होते. तरी त्यातून एक गोष्ट आपोआप सूचित होत होती, ती म्हणजे आम्हांला देवाने राखले आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळच्या लोकांना राखले नाही. हे कोणी उघड म्हटले नाही, पण ऐकणाऱ्या मुलांना ते कळत होते.

प्रभू येशूसमोरही असाच प्रसंग आणला गेला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही लोक येऊन त्याला सांगतात की रोमी सुभेदार पिलाताने गालीली माणसांना त्यांचे यज्ञबळी चाललेले असतानाच मारले. येशू त्यावर स्वतःहून दुसरी घटना काढतो, शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याची. पहिली घटना राज्यकर्त्याच्या क्रौर्याची आणि दुसरी बांधकाम पडल्याची, म्हणजे आजच्या भाषेत एक हत्याकांड आणि एक दुर्घटना. दोन्हींबाबत तो एकच प्रश्न विचारतो : हे मेलेले लोक इतर सगळ्यांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हांला वाटते काय? आणि त्याचे उत्तरही तोच देतो की नाही. यानंतर तो पश्चात्तापाविषयी बोलतो हे खरे आहे आणि ते वगळून हा उतारा वाचणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र पश्चात्तापाचा तो इशारा समोर जिवंत उभे असलेल्या, बातमी घेऊन आलेल्या माणसांना आहे. बुरुजाखाली गेलेल्या अठरा जणांच्या हिशेबाची वही तो उघडतच नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, तेव्हाही तो दोन्ही पर्याय नाकारतो. प्रभूने इतक्या स्पष्टपणे बंद केलेले दार आपण किल्लारीनंतर उघडले आणि अजूनही उघडतो, याचे मला फार दुःख होते.

शिलोहाच्या बुरुजाविषयी वाचताना मला नेहमी आपल्याकडची माळवदाची घरे दिसतात. काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचे जाड ओझे. ऊन, थंडी आणि चोर-दरोडेखोर यांपासून ही घरे उत्तम राखण करीत, म्हणून ज्याच्या घरी चार पैसे त्याच्या भिंती जास्त जाड. जमीन हलली तेव्हा दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काहीच नव्हते आणि छताची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. कुडाच्या, गवताच्या हलक्या झोपडीत राहणारी अनेक गरीब माणसे त्यातून वाचली. आदल्या वर्षी त्या भागात लहान धक्के जाणवले होते, तरी दख्खनचे पठार स्थिर आहे असेच सगळे समजत होते. घरे कशी बांधावीत, धोक्याची सूचना मिळाल्यावर काय करावे, हे माणसांनी ठरवण्याचे प्रश्न आहेत. त्यांतला आपला वाटा ‘देवाची इच्छा’ म्हणून देवाच्या खाती टाकणे मला देवनिंदेच्या फार जवळचे वाटते.

८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान जे घडले त्यात तर देवाची इच्छा शोधण्याची गरजच नाही. टाळेबंदीत काम आणि मजुरी बंद झालेले मध्य प्रदेशचे मजूर जालन्याहून रेल्वेरुळांवरून पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून ते थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांमध्ये विखुरलेल्या चपात्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. त्या चपात्यांना हात लावून कोणी देवाची योजना सांगू नये. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी आणि मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाऊस कमी पडला हे आपल्या हातात नव्हते. जे थोडे पाणी होते ते उसाला जाऊ द्यायचे की पिण्यासाठी ठेवायचे, हे मात्र माणसांनीच ठरवले होते.

इतके बोलूनही प्रश्न संपत नाही, हे मला मान्य आहे. भिंती माणसांनी बांधल्या, पण जमीन माणसांनी हलवली नाही. माणसाला स्वातंत्र्य दिले म्हणून दुष्टपणा शक्य झाला, हे स्पष्टीकरण पिलाताला लागू पडते, भूकंपाला पडत नाही. दुःखाने माणूस घडतो हेही खरे आहे, पण ज्या तान्ह्या बाळांच्या पाळण्यावर भिंत आली त्यांना घडायला वेळच मिळाला नाही. म्हणून जे लोक या प्रश्नाचे सर्व बाजूंनी बंदोबस्त केलेले उत्तर देतात त्यांच्यापेक्षा पवित्र शास्त्र जास्त प्रामाणिक आहे, आणि त्या प्रामाणिकपणाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ईयोबाचे पुस्तक.

ईयोबाची सात मुले आणि तीन मुली थोरल्या भावाच्या घरी जेवत असताना रानाकडून मोठे वादळ आले आणि घराच्या चारही कोपऱ्यांना धडकून ते घर त्यांच्यावर कोसळले. किल्लारीच्या शेजारी वाढलेल्या मुलाला हा तपशील विसरता येत नाही. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ हे ईयोबाचे वाक्य आपण प्रत्येक दफनविधीच्या वेळी ऐकतो, पण ते पहिल्या अध्यायातले आहे आणि पुस्तकाचे बेचाळीस अध्याय आहेत. तिसऱ्या अध्यायापासून हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला न्यायासनासमोर उभे करू पाहतो, मला उत्तर दे म्हणतो. राखेत बसून खापराने अंग खाजवणाऱ्या या माणसाकडे अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एकही शब्द बोलत नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसते. तेवढे सात दिवस ते मित्र होते. बोलायला लागले तेव्हा त्यांनी देवाची बाजू मांडली, देव न्यायी आहे, तू काही तरी केले असशील, कबूल कर आणि सुटका होईल, असे सांगितले. शेवटी देव अलीफजाला म्हणतो की माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला ईयोबालाच सांगतो. देवाच्या वतीने बोलणाऱ्यांना देवाने दोषी ठरवले आणि देवाशी भांडणाऱ्याला आपला सेवक म्हटले, याहून मोठा दिलासा शोकात असलेल्या माणसासाठी मला शास्त्रात दुसरीकडे क्वचितच मिळाला आहे.

देव वादळातून ईयोबाला जे बोलतो ते मात्र कठीण आहे. ‘मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास?’ हा प्रश्न ढिगाऱ्याजवळ बसलेल्या माणसाला विचारावा असा नाही, आणि आपण तो विचारूही नये. तो विचारण्याचा अधिकार देवाचा आहे. त्याच अध्यायात देव म्हणतो की जेथे मनुष्यवस्ती नाही अशा ओसाड रानावरही मी पाऊस पाडतो. मृगाचे ढग डोक्यावरून पुढे निघून जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे वचन टोचते. परंतु देव आपल्या बोलण्यात ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण कोठेही सांगत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या अध्यायात स्वर्गात काय घडले, सैतानाने ईयोबाच्या भक्तीला कसे आव्हान दिले, ते आपल्याला, वाचकांना, ठाऊक आहे. ईयोबाला ते अखेरपर्यंत कळत नाही. कारण मिळाले नाही तरी ज्याच्याशी तो भांडत होता तो स्वतः बोलायला आला, आणि ईयोबाला ते पुरले. पुढे त्याला पुन्हा सात मुले आणि तीन मुली झाल्या असे शेवटी लिहिले आहे. आधीची दहा परत आली असे लिहिलेले नाही.

आता घरातले सांगतो. २०१५ च्या दुष्काळात माझ्या आत्याच्या थोरल्या मुलाने आपले जीवन संपवले. औसा तालुक्यात त्याची कोरडवाहू जमीन होती, सलग दोन वर्षे सोयाबीन गेले होते आणि कर्ज बरेच झाले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओसरीवर माणसे दाटली होती. आत, चुलीपासून जरा दूर, आत्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्यासमोर नात्यातले एक गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून शांत स्वरात सांगत होते की अक्का, देवाच्या इच्छेपुढे आपण काय करणार. आत्याने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘देवाची इच्छा असती तर पाऊस पडला असता.’ त्यानंतर त्या खोलीत बराच वेळ कोणी देवाविषयी बोलले नाही. शेजारच्या चाची तेवढ्यात ज्वारीच्या भाकरी आणि पिठले घेऊन आल्या, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. त्यांनी ताट झाकून ठेवले, माझ्या भावाच्या लहान मुलीला मांडीवर घेतले आणि तिच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या. मुलगी सकाळपासून कोणाशी बोलली नव्हती. वेण्या घालून होईपर्यंत ती चाचींच्या पदराशी खेळायला लागली होती.

बाहेर ओट्यावर मंडळीच्या कमिटीतले एक ज्येष्ठ पाळकसाहेबांना बाजूला घेऊन विचारत होते की अशा मृत्यूत शरीर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणायचे की परस्पर दफनभूमीत न्यायचे. पाळकसाहेब म्हणाले, ‘देवळात आणायचे. घंटाही वाजवायची.’ या उत्तरासाठी मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहीन. आत्महत्या केलेल्या माणसाला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची रीत जगात शतकानुशतके चालली, आणि तिने किती आयांना दुहेरी शोक दिला असेल याची कल्पना करवत नाही. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या नियमसंहितेत ही बंदी उरली नाही, आणि १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नका, देव फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, असे स्पष्ट शिकवले आहे. आम्ही कॅथलिक नाही, पण हे शिकवण सर्व मंडळ्यांनी मनाशी धरावे असे आहे. पाळकसाहेबांनी त्या दिवशी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट वाचला, जेथे प्रेषित पौल म्हणतो की मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, काहीही आपल्याला ख्रिस्त येशूमध्ये असलेल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही. त्यांनी कारण सांगितले नाही आणि उपदेशही केला नाही.

आत्याचे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि आता मला ते ईश्वरशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर वाटते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ पृथ्वीवर जे जे घडते ते सगळे देवाच्या इच्छेनेच घडत असते तर ही विनंती करण्याचे कारणच उरले नसते. देवाची इच्छा पृथ्वीवर अजून पुरी झालेली नाही, म्हणूनच ती पुरी व्हावी अशी विनवणी करायला येशूने शिकवले. कोणी म्हणेल की मग देव सर्वसमर्थ कसा? मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण सर्वसमर्थ पित्यावर विश्वास ठेवतो असे म्हणतो आणि ते मीही मनापासून म्हणतो. हे दोन्ही एकत्र कसे राहते हे मला पूर्णपणे उलगडत नाही. मात्र यांतले एक सोडून दिले तर काय उरते ते मी पाहिले आहे. सामर्थ्य सोडले तर प्रार्थना कोणाकडे करायची हा प्रश्न येतो, आणि चांगुलपणा सोडला तर प्रार्थना करायची इच्छाच राहत नाही.

ख्रिस्ती विश्वास या प्रश्नासमोर जे ठेवतो तो युक्तिवाद नाही, तो वधस्तंभ आहे. उत्तम शुक्रवारी आपण दुपारी बारा ते तीन देवळात बसून येशूने वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वाक्यांवर, म्हणजे ‘सात शब्दांवर’, मनन करतो आणि त्यांतला चौथा शब्द आला की पुष्कळदा वक्ते घाई करतात. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे आणि ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते, असे लगेच सांगून टाकले जाते. ते बरोबर आहे, पण मरणाऱ्या माणसाने पहिली ओळच उच्चारली. देवाच्या पुत्राने ‘का’ विचारले आणि त्याला त्या दुपारी आकाशातून उत्तर आले नाही, हे आपण काही क्षण तरी तसेच राहू दिले पाहिजे. माझ्या भावाने शेवटच्या रात्री शेताच्या बांधावर बसून काय विचारले असेल ते मला ठाऊक नाही. त्याने हाच प्रश्न विचारला असेल, तर त्याच्या आधी तो कोणी विचारला आहे एवढे मला ठाऊक आहे. देव दुःखाबाहेर बसून त्याचा हिशेब ठेवत नाही, तो त्या दुःखाच्या आत उतरला आहे, एवढे मी माझ्या विश्वासाने सांगू शकतो. हे स्पष्टीकरण नव्हे आणि मी ते स्पष्टीकरण म्हणून देतही नाही.

पुनरुत्थानाविषयी बोलतानाही हीच काळजी घ्यावी असे मला वाटते. बेथानीत मार्था आणि मरीया, दोघी बहिणी, वेगवेगळ्या वेळी येशूकडे येतात आणि दोघी एकच तक्रार करतात की प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू त्यांना गप्प करीत नाही, विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरीही कबरेकडे जाताना ‘येशू रडला’. ज्याच्या हातात पुनरुत्थान होते तोच रडला, म्हणून आशा असलेल्या माणसाने रडू नये असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. शोकसभेत ‘रडू नका, तो स्वर्गात आहे’ असे बजावणाऱ्यांनी योहानाचा हा अकरावा अध्याय पुन्हा वाचावा. मरणातून उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे वण होते, थोमाने ते पाहिले. देवाने पुत्राला नवे शरीर दिले, पण घडलेले पुसून टाकले नाही. माझ्या दृष्टीने पुनरुत्थानाची सर्वांत विश्वासार्ह खूण ही आहे, कारण ज्या आशेत किल्लारीच्या जखमांना जागा नाही ती आशा मी आत्यासमोर मांडू शकणार नाही.

‘देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे वचन आपण फार लवकर काढतो. ते ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात, त्याच्या थोडेसेच आधी, सगळी सृष्टी कण्हत आहे, आपण कण्हत आहोत आणि आत्मा स्वतः शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी विनंती करतो, असे लिहिले आहे. कण्हण्याची वचने गाळून कल्याणाचे वचन ऐकवणे म्हणजे पौलाला अर्धाच ऐकवणे. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती आणि भावासोबत उपाशीतापाशी पायपीट केली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन भुकेने मरणाऱ्या मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ या आश्रमात त्यांना सांभाळले. त्या मुली वाचाव्यात म्हणून देवाने रमाबाईंच्या आईला उपाशी मारले, असे मी कधीही म्हणणार नाही. स्वतः भुकेने चाललेल्या बाईच्या हातून देवाने इतरांना भाकर दिली, एवढेच म्हणेन, आणि यांत फार मोठे अंतर आहे. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने अनाथ झालेली मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, देशभरातून सर्व धर्मांची माणसे धावून आली. आमच्या दारात चाची आल्या. त्या सगळ्यांत देव काम करीत होता असे मी मानतो, त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले की नाही याने ते कमी होत नाही.

एक गोष्ट आपल्याच मातीतून शिकता येईल. गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाशी भांडली, त्याला सरळ शिव्या दिल्या, आणि तिच्या त्या भांडणाला कोणी नास्तिकपणा म्हटले नाही. वारकऱ्यांनी ते भक्ती म्हणून जपले. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावले आणि त्यांचे देवाशी झालेले कडाक्याचे बोलणे महाराष्ट्राला पाठ आहे. आपली स्तोत्रसंहिता त्याच जातीची आहे, तिच्यातली कितीतरी स्तोत्रे ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असे विचारणारी आहेत, विलापगीत नावाचे अख्खे पुस्तक आपल्याकडे आहे. तरीही आमच्या प्रार्थनासभांत आम्ही देवाशी इतके जपून बोलतो की शोकात असलेला माणूस चार महिने येतच नाही, कारण आपल्या मनात जे आहे ते इथे बोलता येणार नाही हे त्याला कळलेले असते. आत्या जवळजवळ वर्षभर देवळात आली नाही. ती घरी बायबल वाचत होती.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आमच्या उपासनेत वाचलेले मी कधी ऐकले नाही. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटाकडे विश्वासाच्या दोन ओळी घेऊन येतात; हे तसे वळत नाही. सुरुवातीला देवाला माझ्या तारणाऱ्या देवा म्हणून हाक मारतो आणि शेवटी स्नेही, सोबती दूर गेले, अंधारच उरला असे म्हणून थांबतो. ज्यांनी स्तोत्रसंहिता एकत्र केली त्यांनी हे स्तोत्र वगळले नाही, दुरुस्तही केले नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आपण दफनभूमीत जातो, कबरींभोवतीचे गवत काढतो, चुना लावतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि मग एक छोटी उपासना होते. या वर्षी त्या उपासनेत हे स्तोत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, त्यानंतर त्यावर कोणी बोलू नये आणि थेट प्रभूच्या प्रार्थनेकडे जावे, अशी विनंती मी पाळकसाहेबांना केली. कमिटीतल्या काहींना ते फार उदास वाटते आणि त्यांनी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्रच ठेवावे असे सुचवले आहे. त्यावर पुढच्या सभेत चर्चा व्हायची आहे. वाचन कोणी करायचे हा प्रश्न मात्र सुटला आहे. आत्याने ते आपल्याकडे मागून घेतले आहे.